साथीच्या दिवसांतले शेत, गोठा आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात झालेले भाषण)



वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून एखाद्या प्राध्यापिकाबाईंना किंवा डॉक्टरीणबाईंना बोलवायचे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा तुम्ही निफाड तालुक्यातल्या एका शेतकरणीला बोलावलेत. मी व्याख्याती नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षे मळ्यात राबले, गायींच्या धारा काढल्या आणि फावल्या वेळात हाती पडेल ते वाचले, एवढीच माझी विद्या. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्या.

तुमची-माझी ओळख झाली ती द्राक्षांमुळे. २०२० च्या एप्रिलात सारे काही बंद असताना आपल्यापैकी कित्येकींनी शेजारणी-पाजारणींची नावे लिहून घेऊन आमच्या मळ्यातली द्राक्षे मागवली होती. तोंडाला फडके बांधून, पिशव्या लांबूनच उचलून नेणाऱ्या त्या भगिनी आज मला प्रथमच चेहऱ्याने दिसत आहेत. त्या वेळचे तुमचे उपकार मी विसरलेले नाही. म्हणून चिटणीसबाईंनी, 'साथीच्या रोगाने खेड्यावर, पिकांवर आणि गुराढोरांवर काय प्रसंग येतो ते आम्हांला सांगा,' असा निरोप धाडला तेव्हा मला नाही म्हणवले नाही.

साथ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दवाखाने उभे राहतात. ते साहजिकच आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरी साथ येते तेव्हा माणसे अंथरुणावर असली तरी शेत आणि गोठा काही अंथरुणावर नसतात. पिकाला पाण्याची पाळी हवीच असते, गायीची कास सकाळ-संध्याकाळ भरतेच. माणसाचा आजार त्यांना कळत नाही. अशा वेळी घरातले जे माणूस आडवे होते, त्याच्याबरोबर त्याचे काम आडवे होते. आणि त्या कामाची माहिती त्याच्या एकट्याच्याच डोक्यात असली, तर पुष्कळदा ते काम पुन्हा उभेच राहत नाही. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पण ते मी माझ्या आजेसासूपासून सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या आजेसासूबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. १९१८ साली त्या तेरा वर्षांच्या होत्या आणि नुकत्याच सासरी नांदायला आल्या होत्या. त्या वर्षीच्या तापाला त्या 'मानमोडी' म्हणत. कोंबड्यांच्या राणीखेत रोगालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणतात. कोंबडी जशी मान टाकते तशी धट्टीकट्टी माणसे दोन-तीन दिवसांत मान टाकीत, असे त्या सांगायच्या. सांगताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. भाकरी थापता थापता त्या सांगत.

त्या वर्षी आधी पाऊस फसला होता. त्या शतकातल्या मोठ्या अवर्षणांपैकी ते एक. बाजरी जेमतेम गुडघ्याला लागली होती. काढणीचे दिवस आले आणि त्याच सुमाराला घरात ताप शिरला. एकामागून एक सगळी निजली. उठून उभे राहण्यासारख्या त्या एकट्याच. दावणीला गुरे बांधलेली, पाण्यासाठी रात्रंदिवस हंबरणारी. त्यांनी आडातून पाणी शेंदायला घेतले. पण तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगात बळ ते किती! पोहरा वर येईपर्यंत घरातले कोणीतरी पाणी मागत असे. माणसाला पाजायचे की बैलाला? तिसऱ्या दिवशी त्यांनी विळा घेतला आणि सगळी दावी कापून गुरे नदीकडे सोडून दिली. आठवड्याने एक बैल आपल्या पायांनी परत आला. दुसरा आला नाही. एका बैलावर नांगर चालत नाही, भगिनींनो.

त्या घरातून चार माणसे गेली. त्यांत आजेसासूबाईंच्या सासूबाई होत्या आणि मोठी जाऊ होती. म्हणजे घरातल्या दोन्ही कर्त्या बायका. ताप ओसरल्यावर पुरुष कसेबसे उठले, कोणाचा तरी बैल मागून आणला, आणि पेरायचे म्हटल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. बियाणे कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बी राखायचे काम सासूबाईंचे. कोणते बी राखेत घोळून कोणत्या मडक्यात भरले, कोणते कणगीत, कोणते आढ्याला टांगलेल्या कणसांत, हे त्यांच्या मनात होते आणि ते त्यांच्याबरोबर गेले. उतरंडीतली मडकी एकेक करून उतरवली. एकात बी सापडले ते किडलेले. चांगले बी माजघराच्या कोनाड्यामागे लिंपून ठेवले होते, ते पुढे दोन वर्षांनी भिंत पडली तेव्हा दिसले.

ही एका घराची हकीकत झाली. आता थोडे देशाचे सांगते. हा ताप जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर दिसला, महायुद्धाच्या जहाजांबरोबर. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे या तापाने गेल्याची नोंद आहे. आगगाडीच्या रुळांवरून तो जिल्ह्याजिल्ह्यांत उतरला. हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली, असे निरनिराळे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, एवढे शिरगणतीच सांगते.

या तापाचा विशेष असा की त्याने म्हातारी-कोतारी सोडून वीस ते चाळीस वयाची राबती माणसे फार नेली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. घरातल्या सगळ्यांची उशापायथ्याची सेवा कोण करते? सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले कोण खाते? ताप अंगावर काढून चुलीपुढे कोण बसते?

पुढे पंचेचाळीस वर्षांनी या तापावरून विद्वानांत मोठा वाद झाला, तो मी माझ्या मुलाच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचला. गरीब देशांच्या शेतीत हात गरजेपेक्षा जास्त आहेत, त्यांतले काही काढून घेतले तरी पीक कमी होणार नाही, असे त्या काळी पुष्कळ मोठी माणसे म्हणत. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथात विचारले, की तसे असेल तर १९१८ च्या तापानंतर हिंदुस्थानात काय झाले ते पाहा. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या तापाने शेतीतले सुमारे ८ टक्के हात नेले. आणि ताप ओसरून पाऊस-पाणी ठीक झाल्यावरही, १९१९-२० साली, पेरलेली जमीन १९१६-१७ च्या मानाने ३.८ टक्क्यांनी कमीच राहिली. हात जादा असते तर जमीन पडीक का राहिली असती? आपले अमर्त्य सेन यांनी त्यांचा हिशेब मान्य केला नाही आणि त्यावर खंडनमंडन झाले. त्या वादात निवाडा देण्याइतकी माझी योग्यता नाही. परंतु वाचताना मला वाटले, या विद्वानांनी आमच्या आजेसासूला विचारायला हवे होते. शेतातला कोणता हात जादा होता, ते तिने सांगितले असते.

आता आपण पाहिलेल्या साथीकडे येऊ. २०२० साली १९१८ सारखा दुष्काळ नव्हता. पाऊस चांगला झाला, आणि २०२०-२१ या वर्षी देशात अन्नधान्य सुमारे ३१ कोटी टन पिकले, तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त. कोठारे भरलेली होती, रेशनवर फुकट धान्य मिळाले. म्हणून मोठ्या प्रमाणावर भुकेने माणसे मेली नाहीत, याबद्दल देवाचे आणि धरणे, वखारी बांधून ठेवणाऱ्या आधीच्या पिढ्यांचे आभार मानले पाहिजेत. मग शेतकरी बुडाला तो कशाने? पिकले होते, पण घरातून बाजारापर्यंतची वाट बंद झाली होती.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. आमच्या द्राक्षांचा तो ऐन हंगाम. गहू, हरभरा पोत्यात वाट पाहतो. उन्हाळ कांदा चाळीत चार महिने थांबतो. लासलगावचा बाजार मधूनमधून बंद राहिला, भाव पडला, तरी कांदेवाल्याला निदान श्वास घ्यायला सवड होती. द्राक्षाला ती नाही. घड पिकला की उतरला पाहिजे. आणि विकला नाही तर राहू द्या वेलीवर, असेही म्हणता येत नाही. एप्रिलात वेलीची खरड छाटणी करावी लागते. त्या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीत पुढल्या वर्षीचा घड तयार होत असतो. म्हणजे या वर्षीचा माल वेलीवर राहिला, की पुढल्या वर्षीचाही हंगाम गेला. शहरातल्या माणसाला वाटते शेतकऱ्याचे एका वर्षाचे नुकसान झाले. पण वेलीचा हिशेब दोन वर्षांचा असतो.

सौदा ठरवून गेलेला व्यापारी फोन उचलीना. पेठ-सुरगाण्याकडून दरवर्षी कामाला येणाऱ्या टोळ्या डोक्यावर बोचकी घेऊन पायी आपल्या गावी निघून गेल्या. त्यांना तरी काय बोल लावायचा? घरात आम्ही तीन बायका आणि दोन पुरुष. तुम्ही घेतलीत तेवढी द्राक्षे ताजी विकली. बाकीच्यांचा बेदाणा करायचे ठरवले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. घड औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीतल्या जाळ्यांवर पंधरा दिवस वाळवायचे. आमच्याकडे ना पुरेशी जाळी, ना सावलीचे शेड. जुन्या साड्या ताणून बांधल्या आणि त्यांवर वाळवले. बेदाणा काळपट झाला, पण टाकला नाही.

मग छाटणी. ते काम टोळीच्या पुरुषांचे, असे आमच्याकडे ठरलेले. बायकांनी विरळणी करावी, घड वेचावेत, कात्री धरू नये. त्या वर्षी मी आणि माझ्या दोन्ही सुनांनी कात्र्या धरल्या. पहिल्या दिवशी बोटांना फोड आले, चौथ्या दिवशी हात बसला. कोठे डोळा राखायचा, कोठे काडी तोडायची, हे पुरुषांनी दाखवले आणि आम्ही शिकलो. इतकी वर्षे मी त्या वेलींखालून वावरले, पण ही विद्या मला कोणी दिली नव्हती, आणि खरे सांगायचे तर मीही मागितली नव्हती.

गोठ्याची गोष्ट निराळी. हॉटेले बंद, चहाच्या टपऱ्या बंद, लग्ने नाहीत, मिठाई नाही; तेव्हा दूध घ्यायचे कोणी? आमच्याकडे लिटरमागे तिसाच्या घरातला दर विसा-बाविसांवर आला. सरकारने एप्रिलपासून रोजचे दहा लाख लिटर जादा दूध पंचवीस रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचे ठरवले, त्याने काहींना आधार मिळाला. पण ते सगळ्यांच्या गोठ्यापर्यंत पोहोचले नाही. कारखानदार मागणी नसली तर यंत्र थांबवतो. गाय थांबवता येत नाही. धार काढली नाही तर कास दगडासारखी होते, जनावर तापाने फणफणते. पेंड कमी केली तर पुढच्या वेतापर्यंत ते भरून निघत नाही. म्हणून तोट्यात दूध काढायचे आणि तोट्यात पेंड घालायची. आम्ही लोणी काढून तूप कढवले. त्या वर्षी आमच्या घरी तुपाच्या बरण्या होत्या आणि मिठाच्या पुड्याला पैसे नव्हते.

कोंबड्यांवर तर साथीच्या आधीच संकट आले. कोंबडी खाल्ल्याने हा रोग होतो, अशी खोटी बातमी फेब्रुवारीतच मोबाइलवरून पसरली. लोकांनी चिकन, अंडी सोडली. आमच्या गावच्या एका तरुणाने कर्ज काढून शेड बांधले होते. त्याने कोंबड्या फुकट वाटल्या, आणि पिल्लांचा खड्डा केला तेव्हा तो तेथे उभा राहू शकला नाही. त्याच्या आईने माती लोटली. कोंबड्या गेल्या म्हणून त्यांचे खाद्य गेले, आणि खाद्य गेले म्हणून मक्याचा भाव पडला. ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही, तो मकेवालाही बुडाला. एका खोट्या निरोपाचे हात किती लांब असतात ते पाहा. तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्या घरंदाज बायकाही होत्या. मीही एक पाठवला होता, हे मी येथे कबूल करते.

आणखी एक दृश्य मला विसरता येत नाही. बीडकडची ऊसतोड करणारी जोडपी साखर कारखान्यांच्या आवारांत अडकली होती. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणतात त्यांना. हिशेबात दोघे मिळून एक! लाखावर माणसे, त्यांची लेकरे आणि बैल, पाचटाच्या खोपीत. एप्रिलच्या मध्यावर त्यांना घरी जायची परवानगी मिळाली. माझ्या बहिणीच्या गावावरून काही गाड्या गेल्या. तिने भाकऱ्या नेऊन दिल्या, तर एक बाई म्हणाली, 'मावशी, आमचे होईल; बैलांना पेंढी असली तर द्या.'

२०२१ सालची दुसरी लाट मात्र थेट वस्तीत शिरली. पहिल्या वर्षी आजार शहरांत जास्त होता, या वर्षी मळ्यामळ्यांत. त्या साथीत आपल्या राज्यात सरकारी नोंदीप्रमाणे दीड लाखाच्या आसपास माणसे गेली. आमच्या शेजारच्या मळ्यातला कर्ता मुलगा त्यांतच गेला. वय अडतीस. मागे बायको, दोन मुली, दोन एकर बाग आणि चार गायी.

दहावा झाला आणि माणसे येऊ लागली. औषधाच्या दुकानदाराची उधारी किती, सोसायटीचे कर्ज किती, पाइपलाइनसाठी कोणाकडून हातउसने घेतले, बेदाण्याचे पैसे कोणाकडून यायचे, गायींचा विमा आहे की नाही, बागेला शेवटची फवारणी कसली झाली, या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मुलीला ठाऊक नव्हते. सगळे त्याच्या डोक्यात आणि त्याच्या मोबाइलमध्ये होते, आणि मोबाइलला कुलूप होते. सातबारावर तिचे नाव नव्हते. तेव्हा बँकेच्या दारात ती कोणीच नव्हती. देणेकरी आठवून आठवून आले. घेणे मात्र एकही जण होऊन सांगायला आला नाही. बागेला कोणती मात्रा द्यायची हे न कळल्यामुळे डाऊनी पडला आणि निम्मे घड गेले.

त्या दिवशी तिच्या ओसरीवर बसले असताना मला आजेसासूबाईंचे मडके आठवले. १९१८ साली घरची बाई गेली आणि बियाणे हरवले. २०२१ साली घरचा पुरुष गेला आणि कागद हरवले. शंभर वर्षांत रोग बदलला, औषधे आली, लस आली. पण आपल्या घरातली ही रीत तशीच राहिली, की ज्याचे काम त्याला ठाऊक, दुसऱ्याने विचारू नये.

भगिनींनो, १९८६ च्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. मी कडेवर मूल घेऊन गेले होते. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ केली, की नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यावी. पुष्कळ गावांत ती झालीही. त्या वेळी आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मीच म्हटले होते, 'कशाला? तुमचे ते माझे नाही का?' मनात कपट नव्हते. पण शेजारच्या मुलीची ओसरी पाहिल्यावर मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जायचे आहे असे मालकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'हे मीच आधी करायला हवे होते.' आज सातबारावर माझे नाव आहे आणि दोन्ही सुनांचीही आहेत.

आता गोठ्यातल्या साथीची एक हकीकत सांगून आवरते घेते. २०२२ साली गायी-बैलांवर लम्पी चर्मरोग आला. अंगावर गाठी येतात, ताप येतो, पाय सुजतात, दूध आटते. माश्या, डास आणि गोचीड यांच्यावाटे तो पसरतो. माणसाला तो होत नाही, आणि उकळलेल्या दुधाला काही बाधा नसते. पण पुन्हा तीच अफवा उठली आणि पुन्हा दूध नाकारले गेले. जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली. आमच्या काळ्या गायीच्या मानेवरची पहिली गाठ माझ्या धाकट्या सुनेच्या हाताला लागली, धार काढताना. पुरुषांना ती दिसली नसती, कारण ते गायीला हात लावतात तो चाऱ्यापुरता. तिने त्याच घटकेला गाय वेगळी बांधली, गोठ्यात कडुनिंबाचा धूर केला, डॉक्टरांना फोन लावला. कोरोनाने शिकवलेले वेगळे ठेवणे गायीच्या कामी आले. बाकीच्या तिन्ही वाचल्या. काळी वाचली नाही.

सरकारची मदत होती. दुभत्या गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा. पण मदतीला कागद लागतो. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, पंचनामा, बँकेचे पुस्तक. आमच्या सुनेने वहीत सगळ्यांचे नंबर आणि लसीच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून आमचे काम झाले. गावात कित्येकांची जनावरे गेली आणि कागदाअभावी मदतही गेली. २०२३ च्या पोळ्याला आम्ही बैल मिरवणुकीत नेले नाहीत. दारातच ओवाळले आणि पुरणपोळीचा घास दिला.

तेव्हा आपल्या मंडळाला माझी तीन कामे आहेत. पहिले, एक वही. शेतीचे, धंद्याचे, घराचे देणे-घेणे, कर्ज, विमा, जनावरांचे नंबर, बियाण्याची जागा हे सारे तीत लिहावे, आणि ती वही कोठे असते ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. येथे बसलेल्या पुष्कळजणींच्या घरी शेती नसेल. पण घरच्या उलाढालीची माहिती किती जणींना आहे, ते आज रात्री स्वतःला विचारून पाहा. दुसरे, नाव. सातबारावर, घरावर, खात्यावर आपले नाव नसेल तर ते मागायला लाजू नका. ते मागणे म्हणजे नवऱ्याच्या मरणाचा विचार करणे नव्हे. संसार चालू राहावा, असा विचार करणे आहे. तिसरे, आपला संबंध. २०२० साली तुम्ही द्राक्षे घेतलीत ती संकट म्हणून. संकट गेल्यावर पिशव्या थांबल्या. पाच-सहा खेड्यांतल्या बायकांचे गट आणि हे मंडळ यांची गाठ कायमची बांधली, तर पुन्हा कधी वाट बंद झाली तरी आपल्याला नव्याने ओळख करावी लागणार नाही. आणि मोबाइलवर अंडी-दुधाविषयी काही आले, तर पुढे पाठवण्यापूर्वी खेड्यातल्या एका बहिणीला विचारा, एवढी माझी पुरवणी.

आमच्या घरी एक रीत आहे. आजेसासूबाईंनी ती घालून दिली. बियाणे नेहमी दोन जागी ठेवायचे, आणि नवी सून आली की पहिल्या पावसाआधी तिला दोन्ही जागा दाखवायच्या. मला त्यांनी दाखवल्या, मी माझ्या सुनांना दाखवल्या. इतक्या वर्षांत बियाण्यापलीकडे मात्र आम्ही कोणी गेलो नव्हतो. आता सुनांनी त्या कोनाड्यात मडक्याशेजारी वही ठेवली आहे.